नोराच्या घरचा पहिला चहा

नेपरव्हिल,
८ जानेवारी २००७

प्रिय आई,

काल फोन केला होता, तरी आज पत्र लिहायला बसले आहे, म्हणून घाबरू नकोस. सगळे खुशाल आहेत. पण तुझे गुडघे आणि माझं हवामान एवढं बोलून झालं की आपण दोघी हल्ली फोन ठेवून देतो, आणि बोलायचं ते राहूनच जातं. यंदाच्या थंडीत इकडे येणार नाही, असं तू दिवाळीतच सांगून टाकलंस. बर्फात पाय धरतात म्हणालीस. पण जानेवारी उजाडला तरी यंदा बर्फाचा पत्ता नाही, शेजारचे लोक नुसत्या स्वेटरवर कुत्री फिरवतात. त्यामुळे ते कारण यंदा चालायचं नाही.

आपल्या शेजारच्या, तुझ्या नोराबाईंनी तुझी आठवण काढली आहे. काढली म्हणजे काय, शनिवारी मला दारात पाय ठेवू दिला नाही, आधी तुझी चौकशी! ख्रिसमसनंतर बारा दिवसांनी, सहा तारखेला, त्यांच्याकडे बायकांचा नाताळ असतो. नोराची आई आयर्लंडमधल्या कॉर्क भागातली, तिथली ही जुनी रीत. त्या दिवशी घरातल्या बाईने चुलीकडे फिरकायचं नाही. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, सगळं पुरुषांनी करायचं, आणि बायकांनी एकमेकींकडे जमून चहा प्यायचा, केक खायचा, मनसोक्त गप्पा मारायच्या. आपल्या गल्लीत आयरिश घरं पाच-सहा तरी आहेत, पण पूर्वी मार्चमधल्या त्यांच्या सणाच्या हिरव्या मिरवणुकीपलीकडे कोणी काही करत नसे. नोराने हट्टाने हा दिवस पुन्हा सुरू केला, आणि आता आयरिश नसलेल्या आम्हालाही आमंत्रण असतं.

तुझा जावई त्या दिवशी बघायला हवा होतास! घरात चहाची पूड कुठल्या डब्यात आहे हे ज्याला लग्नाच्या बारा वर्षांत कळलं नाही, तो सुशांत अॅप्रन बांधून नोराच्या मुलांबरोबर बटाटे सोलत होता. ते लोक उकडलेले बटाटे आणि कोबी लोण्यात घोटतात. याला ते अळणी लागलं. मग स्वारी धावत घरी गेली, मोहरी, जिरं, हिरव्या मिरच्या घेऊन आली आणि सगळ्या पातेल्याला चरचरीत फोडणी दिली. मी डोक्याला हात लावला. पण नोराचा थोरला दोनदा वाढून घेऊन खात होता, आणि सई सगळ्यांना सांगत सुटली, “आजी वुड लव्ह धिस!” दहा वर्षांची झाली तरी तिचं सगळं आजीपाशी येऊन थांबतं.

गंमत इथवरच. नोराच्या घरची आणखी एक पद्धत आहे. पहिला चहा द्यायचा तो जिचा नवरा गेला आहे तिला. वर्षभर तिला कोणी आयता कप हातात देत नाही, म्हणून त्या दिवशी मान तिचा. शेकोटीजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एकीत नोरा बसली होती, दुसरी तिने कोणाला घेऊ दिली नाही. मला म्हणाली, ही तुझ्या आईची. मला वाटलं होतं, या थंडीत ती परत येईल, असंही म्हणाली. तुम्ही दोघी दुपारभर लोकरीच्या सुया घेऊन बसायचात, तिला मराठी येत नाही, तुझं इंग्रजी शाळेपुरतं, तरी हसण्याचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. ते सगळं तिच्या मनात ताजं आहे.

मग सगळ्या बायकांसमोर ती कौतुकाने सांगायला लागली. गेल्या जानेवारीत या वीणाने मला घरी बोलावलं, कपाळाला लाल टिळा लावला, केसात फूल माळलं, तिळाची वडी दिली. जॅक गेल्यापासून अकरा वर्षांत मला असं कोणी नटवलं नव्हतं. बायका माझ्याकडे प्रेमाने बघत होत्या, आणि मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

कारण आई, नोराला मी कुंकू लावलं तेव्हा ती विधवा आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. अमेरिकन बाई, तिला काय त्याचं, असं म्हणून मी हसत हसत लावलं. आणि तू वरच्या खोलीत दार लोटून बसली होतीस. मधेच तू पाण्यासाठी जिन्यापर्यंत आलीस आणि नोराच्या कपाळाकडे बघून तशीच मागे फिरलीस. मी ते पाहिलं होतं. हातातलं तबक खाली ठेवून मी तुझ्यामागे येऊ शकले असते. आले नाही. आलेल्या बायकांपैकी उत्तराने तर दोनदा विचारलं, आई कुठे आहेत, त्यांना बोलव ना. मी सांगितलं, तिचं डोकं दुखतंय. म्हणजे विधवा आईला हळदीकुंकवात बसवलं तर लोक काय म्हणतील, ही माझी भीतीसुद्धा खोटीच. लोक काहीच म्हणत नव्हते. पुढच्या आठ दिवसांत तू तिकीट बदललंस, एप्रिलपर्यंत राहणार होतीस ती जानेवारीतच गेलीस.

काल सकाळी नोराच्या ख्रिसमस ट्रीची सजावट उतरवायला मदत करायला गेले होते. तिथे न राहवून तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, जवळ घेईल, समजूत काढेल. तिने हातातला काचेचा गोळा खोक्यात ठेवला. मग म्हणाली, ती वर एकटी बसलेली असताना मी खाली वड्या खात होते तर! आणि हे मला सांगून काय उपयोग, जिला सांगायचं तिला सांग. घरी येऊन लगेच तुला फोन लावला, आणि पुन्हा गुडघे आणि हवामान यांवरच बोलले. म्हणून हा कागद घेतला आहे.

तिकडे मावशीला, मामीला, सगळ्यांना तू सांगतेस की मीच उठून वर गेले, वीणाने खाली बसायचा पुष्कळ आग्रह केला होता. सुशांतलाही तेच माहीत आहे, आणि वर्षभर मीही ते तसंच चालू दिलं. पण तू उठली नव्हतीस, आई. नवी साडी नेसून तू खाली येऊन बसली होतीस, आणि बायका यायच्या आत मी तुला म्हणाले होते, तू वर जाऊन पड जरा. हे कबूल करायलाच लिहायला बसले आहे. आज ऑफिसातून आल्यावर सुशांतला खरं सांगणार आहे. यंदाचं हळदीकुंकू मी अजून ठरवलेलं नाही. रथसप्तमी उलटून गेली तरी चालेल, तू येशील त्या दिवशी करू. कुंकू लावून घ्यायचं की नाही ते तू ठरव, पण बसायचं दिवाणखान्यात, सगळ्यांच्या मधे. आणि आता तरी मला पाठीशी घालू नकोस. रागाव माझ्यावर, आणि ये.

तुझीच,
वीणा