संगमाखालच्या बाजारातली मुलगी

ती. सौ. आक्कास,

बाळासोचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोकं ठेवताना टोपी काढली आहे, हे पत्रातून दिसणार नाही म्हणून लिहून कळवतो. इकडे सगळी खुशाली. तुझे गुडघे काय म्हणतात आणि दाजींचा खोकला कुठवर आला, ते कळव. खरं तर फोनच केला असता. पण गेले अकरा दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचलतेस तेव्हा मला बोलू देत नाहीस. पत्रात निदान मधेच तोडता येत नाही. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून तुझं सगळं टपाल नात वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. (अपेक्षा, सावकाश वाच. कंसातला मजकूर तुझ्यासाठी आहे, तो आज्जीला वाचून दाखवायचा नाही. सहावीत गेलीस, एवढं गुपित सांभाळता आलं पाहिजे.)

मी लेखक कसा झालो हे तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल आणि त्यातले बरेच तुकडे चुकीचे असतील, म्हणून मुळापासून सांगतो. जूनमध्ये आपल्या गावच्या शाळेत दीपमाला बाईंनी शनिवारी शेवटचा तास गोष्टींचा ठेवला आणि गावात एक सुभेदार आहे म्हणून मला लढाईच्या गोष्टी सांगायला बोलावलं. आता फौजेतली माझी अठ्ठावीस वर्षं रसद पोचवण्यात गेली, हे तुला ठाऊक आहे, बाईंना नव्हतं. माझी सगळ्यात थरारक आठवण म्हणजे बर्फात अडकलेला कांद्याचा ट्रक. तो मी पाऊण तास रंगवून सांगितला. समोर पाचवी-सहावीची पोरं. शेवटी साईराज नावाचं एक पोरगं उठून म्हणालं, "फौजी आजोबा, कांदं नासलं का न्हाई, येवढंच सांगा." नासले नव्हते. पोरं फार निराश झाली.

बाई म्हणाल्या, या वयाला जादू लागते. म्हटलं, लागू दे. पुढच्या शनिवारी मी उडता घोडा लिहून नेला. घोडा उडाला मात्र, लगेच हात वर. खातो काय? उडताना लीद टाकतो का? टाकली तर कुणाच्या रानात पडते, आणि ज्याच्या रानात पडली त्याची होते की घोड्याच्या मालकाची राहते? या शेवटच्या प्रश्नावर वर्गात दोन तट पडले आणि घोडा वरच राहिला. नऊ ते बारा हे वय फार अवघड, आक्का. त्याहून लहान पोरांना काहीही चालतं, मोठ्यांना काहीच चालत नाही, आणि ही मधली पोरं राक्षसावर पुरता विश्वास ठेवतात पण तो गावात कुठल्या रस्त्यानं आला ते विचारतात. म्हणून तिसऱ्या खेपेला मी पक्का बंदोबस्त केला. जादूगाराची अंगठी हरवते. नवी हवी तर त्यानं तीन प्रतींत मागणीपत्र भरायचं, वरिष्ठ जादूगाराची सही आणायची, आणि जुनी अंगठी कशी हरवली याचा खुलासा सोबत जोडायचा. तुझ्या भावजयीनं, राजेश्वरीनं, कणीक मळता मळता ऐकलं आणि म्हणाली, "आवं, तुमी गोष्ट लिवलीया का रेशन वाटताय?" त्या शनिवारी अकरा पोरं पाणी प्यायला म्हणून गेली ती सोमवारी परत आली.

तेव्हा मला तुझी गोष्ट आठवली.

तू तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, मी सात-आठ. आई भुईमुगाचे वेल उपटून ढीग टाकायची आणि शेंगा तोडायला आपल्याला बसवायची. मी पळून जाणारा. म्हणून तू गोष्ट सुरू करायचीस, आणि माझे हात थांबले की तुझं तोंड थांबायचं. (अपेक्षा, तुझी आज्जी फौजेत असती तर ब्रिगेडियर झाली असती.) कृष्णा आणि कोयना कराडात समोरासमोर येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात, त्या संगमाच्या तळाशी अमावस्येला बाजार भरतो. पाण्यात फार वेळ वाकून बघणाऱ्या एका पोराची सावली म्हाताऱ्या कासवानं पळवली आणि त्या बाजारात दुकानाला टांगून ठेवली. सावली नाही म्हणून पोरगं दिवसेंदिवस पातळ व्हायला लागलं. मग त्याची थोरली बहीण रिकामी पाटी घेऊन खाली उतरली. तिथं नाणं चालत नाही, आपल्याजवळचं काहीतरी द्यावं लागतं. बांगड्या विकणाऱ्या मगरीनं वाट दाखवायला तिची वेणी मागितली, ती तिनं दिली. तागडीवाल्या बेडकानं हसू मागितलं, तेही दिलं. शेवटी कासवानं सावलीच्या बदल्यात तिचं नाव मागितलं. या जागी दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. तिनं नाव दिलं, सावली पाटीत पडली, भाऊ वाचला. इथपर्यंत येईस्तोवर आपलीही पाटी भरलेली असायची आणि मी विटीदांडू घेऊन पसार. पुढचं मी कधी ऐकलंच नाही.

ही गोष्ट मी शाळेत सांगायला घेतली आणि वर्ग असा गप्प झाला की बाई काळजीनं आत डोकावल्या. कुणी कासवाचं खाणं विचारलं नाही. चार शनिवार पोरं पाणी प्यायलाही उठली नाहीत. ही बातमी कशी कोण जाणे सांगलीच्या वीरधवल नावाच्या तरुण प्रकाशकाला लागली. तो घरी आला, दोनदा चहा प्याला आणि म्हणाला, काका, पोरांसाठी असलंच पुस्तक हवंय, दिवाळीला काढू. त्यानं एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की, ही कथा पूर्णपणे माझी स्वतःची आहे. मी सही केली. हात थरथरला वगैरे असं लिहायला मला आवडलं असतं, पण थरथरला नाही. पेन चांगलं होतं आणि माझं नाव मुखपृष्ठावर कसं दिसेल याचा मी विचार करत होतो.

मग गणपती बघायला तुझी अपेक्षा चार दिवस आमच्याकडे आली, आणि मी मूर्ख, मोठ्या ऐटीत तिला शनिवारी शाळेत घेऊन गेलो. मगर येईपर्यंत ती गप्प होती. बेडकाला उठली. भरल्या वर्गात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही तर माझ्या आज्जीची गोष्ट हाय! फौजी आजोबांची न्हाईच." सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. शत्रूच्या गोळीबारात मी कधी सापडलो नाही, पण साधारण असंच वाटत असणार. वर ती म्हणाली की शेवट तिला ठाऊक आहे, पण ती सांगणार नाही. ज्याची गोष्ट त्यानं सांगावी. मी तिला दोन आइस्क्रीम दिली. तिनं दोन्ही खाल्ली आणि सांगितलं नाही. (अपेक्षा, मी रागावलो नाही. पण तिसरं पण खाल्लंस, ते मी इथं लिहीत नाही.)

ती शिराळ्याला परत गेली आणि तुझा फोन बंद झाला. मी काय ते समजलो, तरी हट्टानं पुढच्या शनिवारी माझा स्वतःचा शेवट लिहून नेला. सावली मिळाली, भाऊ धट्टाकट्टा झाला, गावानं त्याची मिरवणूक काढली. मला तर फार आवडला होता. तर राणी म्हणून एक पोरगी आहे, धनगरांची, एरवी कधी तोंड उघडत नाही, ती उभी राहिली. म्हणाली, "पोराचं समदं झ्याक झालं. पर तिचं नाव तिला परत गावलं का न्हाई? ती अजून खालीच हाय का?" पोरं म्हणाली, आधी ते सांगा, मग येतो. गेल्या शनिवारी वर्गात मी, बाई आणि फळा.

आक्का, साठ वर्षांपूर्वी हा प्रश्न मला सुचायला हवा होता. तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकूनही ती मुलगी वर आली का, हे मी एकदाही विचारलं नाही. माझी सावली मिळाली की माझं काम झालं. शाळेतून घरी येताना मला ती सहा वर्षांपूर्वीची कचेरी आठवली. आपल्याकडची रीत अशी की बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, वडिलांच्या रानावरचं नाव काढून घ्यायचं आणि भावानं साडीचोळी करायची. तू आलीस, बोट दाखवतील तिथं सही केलीस, आणि बाहेर आल्यावर उलट मलाच म्हणालीस, "जेवलास का रं?" मी तुला काहीच विचारलं नाही. रानावर तू आजवर चकार शब्द काढला नाहीस. गोष्ट नेली तेव्हा मात्र फोन बंद केलास. तुला मी कधी काही विचारलं असतं, तर हे कळायला मला साठ वर्षं थांबावं लागलं नसतं. मला लाज वाटते, आक्का. (अपेक्षा, शेवटचं वाक्य कंसात नाही. ते मोठ्यानं वाच. आज्जीला कमी ऐकू येतं, पुन्हा एकदा वाच.)

रानाचं मी शिराळ्याला येऊन दाजींसमोर बोलणार आहे, ते पत्रात मावायचं नाही. दाजींना नमस्कार. अपेक्षाला पोटभर आशीर्वाद, आइस्क्रीम वगळून. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा धाकटा भाऊ,
बाळासो
(सुभेदार, निवृत्त. लेखक, तूर्त निलंबित.)

ता. क. पत्र केवळ खुशाली विचारायला लिहिलं होतं. पण लिहितोच आहे, तर सांगतो की वीरधवलला शेवट शुक्रवारपर्यंत हवा आहे, आणि शाळेतल्या चौतीस पोरांना शनिवारपर्यंत. तू सांग, अपेक्षा लिहून घेईल. द्यायचा नसेल तरी तक्रार नाही. गोष्ट तुझी, मर्जी तुझी. फक्त ती मुलगी वर आली का, एवढं मला एकट्याला कळव. मला झोप लागत नाही.

आणखी एक ता. क. सोबत स्टँपपेपरवर केलेलं हक्कसोडपत्र जोडलं आहे. या खेपेला सही माझी आहे. 'संगमाखालचा बाजार' या गोष्टीवर माझा व माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही. दस्त लिहिणाऱ्यानं चतुःसीमा मागितली, म्हणून उत्तरेस कृष्णा, दक्षिणेस कोयना, पूर्वेस आक्काचं डोकं आणि पश्चिमेस शेंगांची पाटी, अशी घातली आहे. त्यानं माझ्याकडे दोनदा बघितलं, पण लिहिली. साक्षीदार दीपमाला बाई आणि राजेश्वरी. पोरांनाही सही करायची होती. वयानं अज्ञान असल्यामुळे त्यांचे अंगठे मागच्या बाजूला घेतले आहेत. वीरधवलला खरं काय ते सांगून जुना कागद फाडायला लावला. मुखपृष्ठावर आता तुझं नाव, 'बनुबाई नानासो नलवडे' असं, मोठ्या अक्षरात येईल. त्यानं विचारलं, "मग काका, तुमी कोण?" म्हटलं, मी शेंगा तोडणारा.

अगदी शेवटचा ता. क. शिराळ्याच्या एसटीनं शेंगांची एक पाटी पाठवली आहे, उतरवून घे. यंदाच्या आहेत, रानातल्या. सगळ्या मी एकट्यानं तोडल्या, दोन दिवस लागले. गोष्टीशिवाय शेंगा तोडायला लय वेळ लागतो गं, आक्का.