तांदळाच्या डब्यातला मास्क

३ फागुन, रविवार

नाकात काळा गाळ! शनिवारची सुट्टी संपली, कॉलेजात पोचून नाक पुसलं तर रुमाल गेला कामातून. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही भूगोल शिकवता की कोळशाच्या खाणीत उतरता?"

आणि लगेच वर्गात जाऊन मी फळ्यावर काय काढलं — काठमांडूचं खोरं. वाडग्यासारखं. वर उबदार हवेचं झाकण, खाली वीटभट्ट्यांचा धूर, पहाटे सगळ्यांत दाट. पोरं जांभया देत होती. त्या वाडग्याच्या तळाशी रोज पहाटे सायकल हाणणारी बाई मीच, हे त्यांना कशाला सांगू?

घरीही कुणाला माहीत नाही. म्हणजे ह्यांना सांगितलंय. पण ह्यांनी कानांवर हात ठेवले. "मी काही ऐकलं नाही हं. दादाने विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही." खाली स्टेशनरीचं दुकान चालवतो हा माणूस आणि म्हणे खोटं बोलता येत नाही!

सगळं भय जेठाजूंचं — ह्यांच्या थोरल्या भावाचं. दोन वर्षांपूर्वी गल्लीतली एक सून सायकलवरून पडली, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "या घरच्या सुना सायकलवर बसणार नाहीत." या घरात सून एकच. जाहीर केलं तेही मला नाही, भिंतीवरच्या घड्याळाला. लग्नाला एकवीस वर्षं झाली, जेठाजू माझ्याशी थेट एक शब्द बोललेले नाहीत. थोरल्या दिराने बोलायचं नसतं, शिवायचं नसतं, तोंडाकडे बघायचं नसतं. आधी जेठानीदिदी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, मधे होत्या. ते त्यांना सांगायचे, त्या मला. त्या गेल्यापासून घड्याळ. "घड्याळा, आज डाळीत मीठ कमी आहे." मी मीठ आणून घड्याळाच्या बाजूने ठेवते.

सायकल गेली तर पुन्हा खच्चून भरलेली मायक्रोबस. मांडीवर दुसऱ्याचं पोर, मानेवर तिसऱ्याचा श्वास. सायकलचा तो अर्धा तास दिवसभरातला एकटा माझा आहे. तो मी सोडणार नाही!

४ फागुन, सोमवार

चिनीमाया साहुनीकडून मास्क घेतला. तिच्याच दुकानामागे सायकल लपवते, त्यामुळे तिला सगळं ठाऊक. काळा, दोन्ही गालांवर झडपा. आरशात बघितलं — म्हशीला मुसकं घातल्यासारखी!

साहुनी म्हणाली, "दोनच आले होते असले. दुसरा एक आजोबा घेऊन गेले. साहेबासारखे. अर्धा तास घासाघीस केली आणि वर म्हणतात, कुणाला सांगू नकोस."

घरी तांदळाच्या डब्यात लपवला. त्या डब्यात माझ्याशिवाय कोण हात घालतो?

६ फागुन, बुधवार

चष्म्यावर वाफ. बालकुमारीच्या पुलावर एका गाईला "सरका हो भाऊ" म्हणाले.

पण नाक स्वच्छ! आणि कुणी ओळखत नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने मला चक्क "ए भाई, किती वाजले?" विचारलं. आजपासून मास्कखाली लिपस्टिक लावायला सुरुवात केली. गुलाबी. कोण बघणार? मी बघते ना, कॉलेजच्या आरशात.

१० फागुन, रविवार

आज वाचले. मायक्रो अचानक डावीकडे थांबला, मी फुटपाथवर आदळले. कोपर सोलवटलं. तेवढ्यात मागून एक सायकलवाले आजोबा आले — कानटोपी, गॉगल आणि माझ्यासारखाच काळा मास्क! सायकल आडवी घातली आणि ड्रायव्हरला असं काही झापलं! "आरसा काय भांग पाडायला लावलाय? खाली उतर, तुला रस्ता शिकवतो!" आवाज मास्कमधून घागरीतून आल्यासारखा. पोरगा हात जोडून पळाला.

मग माझ्याकडे वळून, "पोरी, मायक्रोच्या डाव्या अंगाला जायचं नाही. त्यांचं थांबणं फक्त देवाला माहीत असतं."

पोरी! सेहेचाळीस वर्षांची आहे मी. दिवसभर आठवून हसू येत होतं.

१४ फागुन, गुरुवार

शिवरात्र. गल्लीगल्लीत शेकोट्या, घरात खोकला. जेठाजू घड्याळाला म्हणाले, "देवाच्या नावाचा धूर बाधत नाही." आणि खोकत आत गेले. घशासाठी ते दिवसभर वेखंड चघळतात, आज दुप्पट चघळलं.

त्यांचं पशुपतिनाथाच्या दर्शनाचं वेड वाढलंय. रिटायर झाल्यापासून पहाटे अंधारात निघतात, उजाडल्यावर टिळा लावून, झेंडू घेऊन परततात. आमा — माझ्या सासूबाई — सारख्या म्हणतात, "मलाही ने रे डम्बर." त्यांना आता जेमतेम सावल्या दिसतात. जेठाजू म्हणतात, "आमा, गर्दी असते."

१९ फागुन, मंगळवार

कॉलेजला टाळं — विद्यार्थी संघटनेचं काहीतरी. सात वाजताच परत फिरले. आमच्या गल्लीच्या अलीकडे, रिटायर सुभेदारांच्या फाटकाशी, तेच आजोबा सायकल आत ढकलत होते. मी हात करणार, तेवढ्यात त्यांनी मास्क काढला.

जेठाजू!

आमचे जेठाजू! गॉगल, कानटोपी सगळं पिशवीत गेलं. मग खिशातून कागदाची पुडी निघाली. उभ्या मोटारसायकलच्या आरशात वाकून कपाळावर टिळा लावला — जरा वाकडा झाला, पुसून परत लावला! सुभेदारांच्या कुंपणावरचा झेंडू तोडला आणि शांत पावलांनी, मंत्र पुटपुटत घराकडे निघाले. मी भाजीच्या गाड्यामागे बसकण मारली.

म्हणजे मला रस्ता शिकवला कुणी? "पोरी" कुणी म्हटलं?

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पुन्हा कानांवर हात ठेवले.

२० फागुन, बुधवार

पुलावर भेटले. मान खाली, तोंड बंद, पायडल जोरात. "पोरी, आज फार घाईत!" मी हूं की चूं केलं नाही. ओळखलं तर संपलं.

२६ फागुन, मंगळवार

काय लिहू? हसू की रडू!

पहाटे लाईट नव्हती. डब्यात हात घातला, मास्क काढला, साहुनीकडे जाऊन चढवला, निघाले. पुलापर्यंत कळलंच नाही. मग वास यायला लागला. वेखंड! उग्र वेखंड आणि थोडं चंदन. झडपेला एक पांढरा केस.

माझ्या तोंडावर जेठाजूंचा मास्क! त्यांचा श्वास, त्यांचं उष्टं! ज्यांची सावलीही मी एकवीस वर्षं ओलांडली नाही! पुलाखालच्या नळावर चूळ भरली, परत भरली. नळावरची बाई म्हणाली, "दात दुखतोय का गं?" तरी पुढे तोच चढवावा लागला, समोर धुराची भिंत होती. आणि खरं सांगायचं, तर वेखंडाने घसा असा मोकळा झाला की पाप लागलं की पुण्य, कळेना.

पण तो डब्यात आला कसा? आणि माझा कुठे गेला? — याचं उत्तर घरी तयार होतं. जेवायला बसले होते सगळे. जेठाजूंच्या पांढऱ्या मिशीवर गुलाबी छटा! लिपस्टिकच्या डबीवर लिहिलं होतं, दिवसभर टिकते. खोटं नाही लिहिलेलं.

आणि एरवी कशाकडे लक्ष नसणारे आमचे हे म्हणाले, "दादा, मिशीला काय लागलंय?"

"पशुपतीचा अबीर."

"बघू," म्हणून आमांनी त्यांचा कान धरून तोंड खाली ओढलं. चौसष्ट वर्षांच्या रिटायर अधिकाऱ्याचा कान! हुंगलं. "अबिराला गुलाबाचा वास कधीपासून यायला लागला? रोज पहाटे कुठल्या बाईकडे जातोस?"

जेठाजूंची मान ताटात.

"शनिवारी तुझ्या काकांना बोलावते. सगळ्यांसमोर सांग."

२७ फागुन, बुधवार

मास्क न लावताच गेले, येताना रुमाल काळा. जेठाजू पहाटे बाहेर पडलेच नाहीत. घड्याळालाही काही बोलले नाहीत. भात टाकला तर "पुरे" सुद्धा म्हणाले नाहीत, ताटात डोंगर झाला.

हे म्हणतात, "तू मधे पडू नकोस. दादाचं दादा बघेल. तुझी सायकल तर वाचतेय?"

वाचतेय. काल क्षणभर मलाही तेच वाटलं होतं, कशाला नाकारू? ज्याने बंदी घातली तोच अडकला, बरं झालं! पण जेठानीदिदी गेल्यापासून या माणसाने कुणाकडे मान वर करून पाहिलेलं नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्या नावाला असला डाग माझ्या लिपस्टिकने लागावा? वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

२९ फागुन, शुक्रवार

उद्या बोलणार. सायकलला आज तेल घातलं. उगाच.

३० फागुन, शनिवार

काका यायच्या आत सांगून टाकलं. चहा ठेवला आणि म्हणाले, "आमा, तो रंग माझा आहे."

ह्यांना ठसका लागला. आमांची माळ थांबली. "माझा" एवढंच ऐकून काय अर्थ होतो ते माझ्या लक्षात आलं, मग एका दमात सगळं — सायकल, साहुनी, मास्क, तांदळाचा डबा, वेखंड. "जेठाजूंचा मास्क माझ्याकडे आला, माझा त्यांच्याकडे गेला. कसा, देवाला ठाऊक. त्यांना मास्क कशाला लागतो ते त्यांचं ते सांगतील. सायकल विकायची तर विका. पण त्यांना काकांसमोर उभं करू नका."

जेठाजू भिंतीकडे वळले. "घड्याळा—"

आणि थांबले. सकाळचे नऊ वाजले होते आणि घड्याळात चार वीस. बंद! कधीपासून कोण जाणे.

आमा म्हणाल्या, "ते मेलंय. माणूस समोर उभं आहे, त्याच्याशी बोल."

हे नखं बघत होते, मी चहावरची साय. मग जेठाजूंनी घसा खाकरला.

"सूनबाई, पुलाच्या उतारावर तू ब्रेक उशिरा दाबतेस."

माझ्या हातातली गाळणी पडली.

"तुम्ही मला... कधीपासून?" — माझ्याही तोंडून थेट निघून गेलं.

"पहिल्या दिवसापासून. चेहरा बघायचा नसतो, कान कुठे ठेवणार? एकवीस वर्षं ताट वाढताना तुझ्या बांगड्या ऐकतोय."

"मग पोरी म्हणालात?"

"रस्त्यावर सून नसते. सायकलवाली पोर असते."

आमा गरजल्या, "मग तोंड का शिवलं होतंस चार दिवस? सांगायचं होतंस, सायकलवर होतो!"

"मास्कमधला रंग कुणाचा, तेही मग सांगावं लागलं असतं," जेठाजू पाटाकडे बघत म्हणाले. "माझं काय, मी पायी फिरेन. हिला कॉलेज गाठायचं असतं."

"पण बंदी तर तूच घातलीस, दादा!" हे. आज प्रथमच मुद्द्याचं बोलले.

"घड्याळासमोर बोललो होतो," जेठाजू वैतागून म्हणाले. "माघार कशी घेणार?"

आमा एवढ्या हसल्या की कवळी सांभाळावी लागली. मग शुद्धीसाठी सोन्याची अंगठी पाण्यात बुडवून ते पाणी आम्हा दोघांवर शिंपडलं. "बोललात म्हणून नव्हे. उष्ट्या मास्कसाठी!" काका आले, त्यांना सेलरोटी खाऊ घालून परत पाठवलं. कशाला बोलावलं होतं ते त्यांना कळलंच नाही.

भांडी घासताना मी रडले. सायकल राहिली म्हणून नाही फक्त. चौसष्ट वर्षांचा माणूस आणि घरात बोलायला एक घड्याळ!

३ चैत, मंगळवार

आमांना सुपारी हवी होती. डबी उघडली तर आत घड्याळाचा सेल.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "डोळे गेलेत, नाक शाबूत आहे. तांदळात गुलाब, देव्हाऱ्यामागे वेखंड, आणि दोन्हीला एकाच रस्त्याचा धूर. म्हटलं, अदलाबदल करून बघावं, कुणाचं तोंड आधी उघडतं."

सेल डबीतच ठेवला. उद्या साहुनीकडे लहान मापाचा मास्क विचारायचाय — आमांना शनिवारी जेठाजूंच्या सायकलवर मागे बसून पशुपतीला जायचंय. खरोखरच्या.