अण्णांचा चार्ट

सांगली, १ फेब्रुवारी १९४३, सोमवार. सकाळी ६.
आजपासून मी नवा शरच्चंद्र. नर्सिंगचा संध्याकाळचा क्लास, साडेपाच ते सात. कचेरी सांभाळून, संसार सांभाळून. नव्या दवाखान्यात वॉर्ड-मास्तरची जागा निघणार आहे, सर्टिफिकेट असेल त्यालाच. ती मिळाली की हेडक्लार्कचं तोंड जन्मात बघणार नाही. क्लासात आम्ही सहा जण. बाकीचे पाच नापास होणार, हे चेहऱ्यांवरूनच कळतं.
बायकोला बजावलं, शकुंतला, दोन महिने मला घरातलं एक काम सांगायचं नाही. ती म्हणाली, आजवर कुठलं सांगितलं? तिच्या बोलण्याला कधीच अर्थ नसतो.

३ फेब्रुवारी.
शिकवायला सिस्टर लीलाबाई. बारा वर्षं नोकरी करून एका बाईच्या हुकमात बसायचं! म्हणाल्या, रोग्याला जात नसते. मान डोलावली. डोलवायला काय जातं?
प्रत्येकाने घरी पडून असलेला एक रोगी सांभाळायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन वेळा टेंपरेचर घेऊन चार्टवर लिहायचं. निम्मे मार्क चार्टला. बाकीचे पाच जण रोगी शोधत गावभर फिरताहेत. माझे वडील, अण्णा, गेल्या दिवाळीपासून अर्धांगाने अंथरुणाला खिळून आहेत. देवाची कृपा.

५ फेब्रुवारी.
सही घेऊन एकेक थर्मामीटर दिला. लढाईमुळे बाजारात मिळत नाही. फुटला तर क्लासातून नाव कमी. असल्या धमक्या पोरांना द्याव्यात.

६ फेब्रुवारी. सकाळी ७.
सिस्टर म्हणतात, स्पिरिटने पुसा. म्हणजे झालं? हा थर्मामीटर आजवर कोणाकोणाच्या तोंडात गेला असेल! सबंध सांगलीचं उष्टं अण्णांच्या तोंडात घालू? बंबातलं कडकडीत पाणी ओतून चांगला शुद्ध केला. टच्‌ आवाज झाला. पारा मोरीत.
चूक शकुंतलेची. बंब एवढा तापवायचा कशाला? बाहेर बोललीस तर याद राख म्हटलं.

९ फेब्रुवारी.
थर्मामीटरवाचून अडत नाही. मुलाला बापाचा चेहरा बघून कळतं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. संध्याकाळी मी क्लासात असतो, म्हणून संध्याकाळचं सकाळीच लिहून टाकतो. अक्षर पाहून सिस्टर गार होतील.

१२ फेब्रुवारी.
पट्ट्या बांधण्याची प्रॅक्टिस. माझ्या वाट्याला तासगावचा हंबीरराव, पलटणीतून परत आलेला. मी झकास पट्टी बांधली, तर म्हणे, आवं भाऊसाहेब, पट्टी बांधताय का उसाची मोळी? बोटं काळी पडली की माजी! लढाईवर हा कसा टिकला कोण जाणे. सोसायची ताकदच नाही.

१७ फेब्रुवारी.
'दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलावी, अन्यथा पाठीस जखमा होतात.' हे घोकत होतो आणि अण्णा मध्येच कूस, कूस करत होते. म्हटलं, अण्णा, तेच चाललंय. तरी थांबेनात. शेवटी शकुंतला पिठाचे हात धुऊन आली आणि त्यांना वळवून गेली. ती अधेमधे आल्यामुळे वाक्य दोनदा चुकलं. अशा घरात माणूस शिकणार कसा?

२३ फेब्रुवारी.
शकुंतला म्हणते, मामंजींचं अंग भाजतंय. कशावरून? हाताच्या पाठीने पाहिलं म्हणे! मी इथे शास्त्र शिकतोय! शिवाय आजचा आकडा लिहून झालाय. खोडला तर चार्ट घाण दिसेल.
मी कचेरीत असताना तिने परस्पर डॉक्टर बोलावला. १०३ निघाला.

२५ फेब्रुवारी.
तीन दिवस ती पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली आहे. मला जेवण एकदाच, तेही गार. आज अण्णांनी डोळे उघडले नाहीत. मी क्लासला गेलो. घरी बसून काय केलं असतं? तिथेही लक्ष लागलं नाही.

२७ फेब्रुवारी.
ताप उतरला. चार्टवर तो कधी चढलाच नव्हता.

१५ मार्च.
उद्यापासून पहाटे चारला उठून अभ्यास.

१६ मार्च. सकाळी ८.
उठवलं नाही कोणी.

२७ मार्च, शनिवार.
प्रॅक्टिकल. सकाळी दहाला सिस्टर घरी आल्या. अण्णांना कुशीवर करून पाठ पाहिली. पाच महिने अंथरुणात, आणि एक जखम नाही. मी विनयाने खाली पाहिलं. त्यांनी विचारलं, यांना वळवतं कोण? अण्णांनी डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराकडे केला. मी सांगितलं, आजारी माणसाला दिशा समजत नाहीत.
मग चार्ट. पन्नास दिवस एकच आकडा कसा? म्हटलं, शुश्रूषेचा परिणाम. आज संध्याकाळचं टेंपरेचर सकाळी दहाला कसं कळलं? म्हटलं, अनुभव. थर्मामीटर कुठाय? म्हटलं, धुवायला टाकलाय.
मधे ताप आला नव्हता ना, असं त्यांनी शकुंतलेला विचारलं. या बाईने डब्यातून डॉक्टरची चिठ्ठी काढून दिली! सिस्टर म्हणाल्या, तुमच्या चार्टवर भरवसा ठेवला असता तर म्हातारा गेला असता. बाईमाणसाशी वाद घालत नाही मी.

१ एप्रिल.
नापास मी एकटाच. वॉर्ड-मास्तर हंबीरराव. मला म्हणाला, वाईट वाटून घिऊ नगा, पुढल्या साली परत बसा. निर्लज्ज!
शकुंतलेच्या नावाने सिस्टरांचं पत्र. बायकांचा नवा क्लास, दुपारी तीन ते पाच. तुम्ही जरूर यावं. मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. तिने अगोदरच हो कळवलं होतं. अण्णांनी मान हलवली. ही मान मात्र बरोबर हलते!
दुपारी अण्णांजवळ कोण? अर्ध्या दिवसाची रजा मागितली. हेडक्लार्कने लगेच सही केली. म्हणाला, तुमच्यावाचून काही अडत नाही.

५ एप्रिल, सोमवार. दुपारी ३.४५.
शकुंतला अडीचला गेली. पांढरं पातळ नेसून. निघताना म्हणाली, कूस बदलायला विसरू नका. म्हटलं, मला शिकवू नकोस.
साडेतीनला अण्णा म्हणाले, कूस. उठलो. एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला. दुसरा कुठे घालायचा ते आठवेना. अख्खा धडा मनात म्हणून पाहिला, त्यात हाताचं काही नव्हतं. अण्णा माझ्याकडे बघत होते. मग चांगल्या हाताने त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. म्हणाले, राहू दे. ती साडेपाचाला येईल.
अजून पावणेदोन तास आहेत. दोघेही घड्याळाकडे बघतोय.