दहाच्या जागी चाळीस

धाकटीस थोरलीचा आशीर्वाद, तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांनाही.

नात मला हात धरून न्हाणीघरात नेते, असं तिने मागच्या पत्रात कळवलं आणि तू जेवण टाकलंस म्हणे. आता जेव. मी बरी आहे. हे पत्र मीच लिहितेय; अक्षर वाकडं आहे ते बोटांमुळे नाही, दोनच इयत्ता शिकले त्यामुळे.

हात धरून न्यावं लागण्याचं खरं कारण मी तिला लिहू दिलं नव्हतं. संधिवातासाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाईने खुर्चीत बसून पाय दहा वेळा सरळ करायला सांगितलं होतं. मला वाटलं, दहा म्हणजे पोरखेळ! पहिल्याच दिवशी चाळीस केले. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. आता मरेपर्यंत कुणीतरी आंघोळ घालणार, या विचाराने घाबरले गं.

बाई म्हणाली, "आजी, शर्यत होती का? व्यायामानंतर दोन तासांनीही जास्त दुखलं तर दुसऱ्या दिवशी तो कमी करायचा. पण सोडायचा नाही."

सूज उतरल्यावर पाचापासून सुरू केलं. आता दहा होतात. काल एकटी उठले, न्हाणीघरात गेले आणि दार लोटून घेतलं. सून बाहेरून ओरडली, "आई, पडलात का?" म्हटलं, "नाही. तू तुझ्या कामाला जा." किती दिवसांनी निवांत आंघोळ केली!

तू खाटेवरून आपली आपण उठतेस, की अजून सुनेला हाका मारतेस? तिथल्या डॉक्टरला विचार आणि सांगेल तेवढंच कर. तू चाळीस करशील, मला ठाऊक आहे. एकाच आईच्या आहोत आपण.

तुझी, आपल्या हाताने अंग पुसणारी,
थोरली