रेडिओ सुखरूप आहे

१२ जुलै १९६२, गुरुवार

पेपर आला. दोन दिवस शिळा, वर भिजलेला. तरी मुख्य बातमी वाचता आली. अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर, पार आभाळात, अणुबॉम्ब उडवला आणि नऊशे मैलांवर हवाई बेटात रस्त्यावरचे दिवे गेले. नऊशे मैल! उद्या रशियावाल्यांच्या डोक्यात आलं आणि अरबी समुद्रावर एक उडवला, तर कोकण किनाऱ्यावरची आमची तोंडवली कितीशी लांब? आमच्याकडे रस्त्यावर दिवेच नाहीत, तेवढं बरं. पण रेडिओ आहे. अख्ख्या वाडीत एकच, बॅटरीवरचा, माझा.

मुंबईत गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात बावीस वर्षं काढली. हेल्पर होतो, पण डोळे उघडे होते. आता गप्प बसून चालणार नाही.

१३ जुलै

मथुराचं पत्र. पोरगी मुंबईला मामाकडे गेली त्याला वर्ष झालं. येत्या २९ तारखेला, रविवारी सकाळी साडेदहाला, मुंबई रेडिओवर गाणार आहे! तिच्या आईने, सुभद्राने, माझ्याकडून पत्र तीनदा वाचून घेतलं, पदराने डोळे पुसले. म्हणाली, बाकी माका काय्येक नको, पण त्या दिवशी रेडिओ लागलोच व्हयो. चेडवाचो आवाज माका आयकूचो आसा.

म्हणजे आता संरक्षण ताबडतोब.

१५ जुलै, रविवार

प्लॅन पक्का. गिरणीतले फोरमन सांगायचे, वीज पत्र्यावरून जाते, पत्र्याच्या पोटात शिरत नाही. तेव्हा चारी बाजूंनी पत्रा हवा, फट नको. ट्रंकेला फटी. रॉकेलचा डबा लहान. शेवटी स्वयंपाकघरात सापडला. सुभद्रा पावसाळ्यासाठी खारे बांगडे भरून ठेवते तो मोठा डबा. माप बरोबर.

बांगडे माठात काढले. डबा कोरड्या फडक्याने पुसला. धुतला मुद्दामच नाही. इलेक्ट्रिकच्या कामात पाणी वर्ज्य, पण हे अनाडी माणसाला कळायचं नाही. रेडिओ गोणपाटात गुंडाळून आत ठेवला आणि कथील वितळवून झाकणाला चारी बाजूंनी डाख दिला. मुंगीसुद्धा शिरणार नाही.

१६ जुलै

सुभद्राने विचारलं, माझे बांगडे खंय ठेवलात? सांगितलं. मग विचारलं, आणि रेडिओ खंय आसा? तेही सांगितलं. कपाळावर हात मारून चुलीकडे गेली. पटलं असावं.

१८ जुलै

शेजारचा बाबू संध्याकाळी बातम्या ऐकायला आला. रोजच येतो, रापणीचं जाळं ओढणारे चार जण घेऊन. म्हणाला, अण्णानू, बाँब थंय फुटलो, रेडिओ हंय कित्याक कोंडलात? अर्धा तास सायन्स समजावून सांगितलं. मधेच त्याला गाय बांधायची आठवण झाली, ती चौघांनाही झाली.

डब्याला तार जोडून अर्थिंग दिलं. तार विहिरीजवळ पुरली.

२१ जुलै

माठातल्या बांगड्यांत अळ्या पडल्या. उरले ते मांजराने नेले. आता नारळी पौर्णिमेपर्यंत पेज आणि लोणचं. संशोधकाच्या घरात एवढं चालायचंच.

२४ जुलै

डब्याच्या खालच्या सांध्यातून तांबूस पाणी ठिबकतं आहे. घाबरण्याचं कारण नाही. डबा वातावरणाचा दाब सोसतो आहे, त्याला घाम फुटणारच. वरून आणखी डाख दिला. बाबूला म्हटलं, रेडिओ सुखरूप आहे. त्याने डब्याजवळ नाक नेलं आणि वास कसलो येता म्हणून विचारलं. उत्तर द्यायला मी बांधील नाही.

२६ जुलै

सुभद्रा म्हणाली, पुरे झाला आता, भायर काढा तो रेडिओ. शनिवारी काढतो म्हटलं. शब्द दिला.

२८ जुलै, शनिवार

काढला नाही. विजा चमकताहेत. शिवाय रशियाचा काही भरवसा नाही. उद्या सकाळी दहाला उघडला तरी अर्धा तास हातात आहे, पुष्कळ झाला. सुभद्रा नव्या लुगड्याची घडी मोडत बसली होती. घरच्या घरी रेडिओ ऐकायला नवं लुगडं! बायकांची हौस.

२९ जुलै, सकाळी ९:४०

घरात कोणी नाही. वाडीतही सामसूम. बरं झालं, कामात लुडबुड नको. छिन्नी घेतो.

१०:२५

डाख फारच पक्का बसला होता. कौतुक करावं तेवढं थोडं. आत गोणपाट चिंब. भोंग्याच्या पुठ्ठ्याचा लगदा झालाय. तारांवर हिरवं चढलंय, सगळीकडे मिठाचं पाणी. बटण हातात आलं.

१०:३०

बटण पुन्हा बसवून फिरवलं.

१०:४५

फिरवतोय.

दुपारी २

सगळी वाडी परत आली. आचऱ्याच्या चहाच्या हॉटेलात रेडिओ आहे. सुभद्राने मालकाला गुरुवारीच निरोप धाडला होता आणि पहाटेच सगळे चालत गेले. बाबू म्हणाला, अण्णानू, चेडू काय गायला ओ! हाटेलवालो कपबशे धुवचो थांबलो. सुभद्राला विचारलं, कुठलं गाणं म्हटलं? ती म्हणाली, तुमच्या रेडिओक इचारा.

माझ्या पोरीचं गाणं अख्ख्या वाडीने ऐकलं. मी नाही ऐकलं. फार वाईट वाटतंय. पित्तही झालं असेल.

२ ऑगस्ट

मथुराचं कार्ड, माझ्या नावाचं. बाबा, सगळे चांगलंच म्हणतील, तुम्ही खरं ते कळवा. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज कापला, तो तिकडे कळला का?

सुभद्राला विचारायची सोय नाही. दोन कार्डं लिहून फाडली. तिसऱ्यात लिहिलं, कापलेला अजिबात कळला नाही. खरखरसुद्धा आली नाही.

यात खोटं काही नाही. कार्ड स्वतः नेऊन टाकलं.