वलगावचे चारशे कागद

अकोला, ६ जानेवारी

चि. संध्यास,
सप्रेम जयभीम.

फोन तुझा कार्यकर्ता उचलतो आणि मलाच मत मागतो, म्हणून पत्र. अर्थशास्त्राची प्राध्यापकी सोडून तू जिल्हा परिषदेला उभी राहिलीस, याचा अभिमान आहे. पण प्रचारसभेत प्रश्नावली वाटणारा उमेदवार मला पुराणांतही आढळलेला नाही. लोक काय म्हणाले? तुझी वहिनी विचारते, जेवतेस ना?

लोभ आहेच, मत तेवढे अकोल्यात अडकले आहे.

तुझा,
संघपालदादा

वलगाव, १० जानेवारी

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

हसू नकोस. घरात कमावते किती, विहिरीला पाणी कधीपर्यंत, एवढेच विचारले होते. चारशे कागद भरून आले, आणि प्रत्येकाला आधारकार्डाची झेरॉक्स अन् फोटो! लोकांना वाटले, घरकुलाचा अर्ज आहे. शेजारच्या जाईबाई तर घर कधी भेटते म्हणून रोज विचारून राहिल्या. प्रचार सांभाळणारे खुशालराव खूश. म्हणतात, ताईनं फक्त चूप राहावं, वलगाव आपलंच हाय. खरे सांगितले तर हरेन, असे माझे आकडेही म्हणतात. काय करू?

तुझ्या रागालोभाची हक्कदार,
संध्या

अकोला, १३ जानेवारी

चि. संध्यास,
सप्रेम जयभीम.

आकडे कोणाला आवडावेत म्हणून तू कधी बदलले नाहीस. दिल्लीत कापसाच्या अहवालावर सही नाकारून परतलीस, तेव्हा बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. रविवारी येतो. घरोघर जाऊन ज्याचे कागद त्याला देऊ आणि हा अर्ज नव्हता, असे सांगू. बोलायचे तू, पिशवी मी धरतो. माझे शुद्ध मराठी ऐकून लोक सत्यनारायणाची तारीख विचारतात.

पाय दुखले तरी माया कमी होणार नाही, या खात्रीने,
संघपालदादा

वलगाव, २५ जानेवारी

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

आपण घरोघर कागद परत करून खरे सांगितले, आणि मी एकसष्ट मतांनी हरले. अमरावतीत मतमोजणीला निकाल ऐकून खुशालराव मला तिथेच सोडून गाडीने परतले.

आज सकाळी जाईबाई आल्या. सरळ म्हणाल्या, मत मी दुसऱ्याले देल्लं, त्यानं घर कबूल केलं. पण घरकुलाचा खरा अर्ज तुयाच हातानं भरीन, काहून का तू खोटं सांगत नाईस. पंचायतीतून आणलेला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मागे दारात आणखी अकरा जणी उभ्या आहेत, म्हणून पत्र आवरते. रविवारी ये, लिहायला दुसरा हात हवा.

माया अशीच राहू दे,
संध्या