दहावा माणूस

ती. आईला रविकिरणचा नमस्कार.

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, दुपारचे चार. सिनेगॉगमधल्या दिव्यांच्या काचा पुसून लिहायला बसलो आहे. माझी तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होते. तुझा गुडघा कसा आहे? शेजारची अंजू हे पत्र वाचून दाखवील.

तुला मागे सांगितले होते, इथल्या ज्यू लोकांची मोठी प्रार्थना दहा पुरुषांशिवाय होत नाही. गावात आता बरोबर दहाच उरले होते. दर शुक्रवारी सकाळी सगळ्यांना फोनवर आठवण करून देणे हे माझे काम. या शुक्रवारी मी नऊच फोन केले. रूबेनकाका कधी चुकत नाहीत, म्हणून त्यांना केला नाही.

काल सकाळी नऊ जण वाट बघत बसले. प्रार्थना सांगणारे एझ्राकाका हसून मला म्हणाले, "म्हातारा लोळत असेल. जा रे औसेकर, उचलून आण त्याला."

दार तोडावे लागले. काका मोरीपाशी पडले होते. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी दुपारपर्यंत जीव असावा.

आज पुरले. मेलेल्यासाठी म्हणायच्या प्रार्थनेलाही दहा जण लागतात. मी पुढे होऊन त्यांच्यात उभा राहिलो. एझ्राकाकांनी माझा हात धरला. "तू आमचाच आहेस रे, पण तुला मोजता येत नाही." ती प्रार्थना न म्हणताच सगळे परतले.

फोनचे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.

आई, तू ठीकच असशील असे धरून मी तुलाही आठ-आठ दिवस फोन करत नाही. उद्यापासून रोज सकाळी सातला करीन. बोलायला काही नसले तरी उचल.

तुझा
रविकिरण